विसार देण्याआधीचा एक तास

मी वायरमन. डोंबिवली पूर्वेला धंदा, तोही जुन्या इमारतींतलाच जास्त. त्यामुळे नात्यागोत्यात कुणी रीसेलचा फ्लॅट घ्यायला निघालं की ठरलेला फोन येतो, "मामा, जरा वायरिंग बघून घ्याल का?" मी जातो. वायरिंग बघायला फार वेळ लागत नाही, उरलेला वेळ मी बाकीचं घर बघतो. वायरिंग खराब निघालं तर पैसे टाकून बदलता येतं. बीममधली सळई गंजलेली निघाली तर ती ना विकणाऱ्याच्या हातात, ना घेणाऱ्याच्या. ती अख्ख्या सोसायटीच्या हातात, म्हणजे कुणाच्याच नाही.

या पावसाळ्यात भाचा आणि त्याची बायको घर शोधतायत. दोघांची नोकरी मुंबईत, लोकल गाठायची म्हणून घर स्टेशनपासून चालत पाहिजे. तेवढ्या अंतरात त्यांच्या बजेटला बसतात त्या लिफ्ट नसलेल्या, चार मजली, तीसेक वर्षांच्या इमारती. त्यांच्याबरोबर फिरताना मी काय काय चाचपतो हे बघून सून म्हणाली, "मामा, हे लिहून काढा." म्हणून लिहितोय. कागदपत्रांबद्दल यात काही नाही. खोट्या परवानग्या दाखवून रेराची, म्हणजे बांधकामांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारती पाडायचा आदेश हायकोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कागद वकिलाला दाखवाच. मी भिंतींपुरतं बोलतो.

घर बघायला पावसात जायचं. एजंट नेहमी म्हणतो, "पाऊस उघडला की निवांत दाखवतो." उघडल्यावर काय बघायचं? आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणजे घराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती चार महिने झोडपल्या जातात. दोन-तीन दिवस सलग झड लागली की लगेच जायचं आणि या भिंतींना आतून हात लावायचा. तळवा नाही, हाताची पाठ. तिला गारवा लवकर कळतो. पावसाळ्यात सगळ्याच भिंती गार लागतात म्हणून आधी घराच्या मधली, बाहेरच्या पावसाशी संबंध नसलेली भिंत चाचपायची, मग बाहेरची. फरक जाणवला की बोट तिथेच ठेवून वर-खाली सरकवत न्यायचं. ओल खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होत असेल तर चज्जा किंवा ग्रिलचे बोल्ट, एसीच्या भोकाभोवती असेल तर ते भोक, आणि छताकडून खाली येत असेल तर प्रकरण मोठं.

उन्हाळ्यात जायची वेळ आली तर ओल सापडणार नाही, तिच्या खुणा सापडतील. स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी असलेल्या लाद्यांच्या पट्टीच्या, वर सुटलेले पोपडे, पुट्टीखालचे फुगे, भिंतीवर फुटलेला पांढरा खार. घर विकायच्या आधी लोक रंग काढतात, त्यात दर वेळी लबाडी असते असं मी म्हणणार नाही. सगळ्या घराला एकसारखा नवा रंग असेल तर मी गप्प बसतो. पण बाकी घर पिवळं पडलेलं आणि बेडरूमची एकच भिंत कोरी, किंवा छताच्या कोपऱ्यात उरलेल्या छतापेक्षा पांढरा एक चौकोन, असं दिसलं की मालकाला सरळ विचारतो, "इथे काय झालं होतं?" काय झालं होतं यापेक्षा, ते उत्तर द्यायला किती वेळ घेतात याच्याकडे माझं लक्ष असतं.

बरोबर काय न्यायचं? टॉर्च, टेप, टेस्टर, एक रुपयाचं नाणं आणि सुताला बांधलेला ओळंबा. ओळंबा परवडत नाही असा कुणी नसेल, पण लाज वाटते लोकांना. पन्नास लाखांचा व्यवहार करताना कसली लाज? मालक चहाला बसवतात तेव्हा एकाने बसावं, दुसऱ्याने बसू नये. आमच्यात सून बसायची. तिला गप्पा छान मारता येतात. एकदा तिने गप्पांमध्येच काढून घेतलं की पाण्याच्या टँकरसाठी सोसायटी दर उन्हाळ्यात वेगळी वर्गणी काढते. एजंटने आम्हाला "पाण्याचा काहीच प्रॉब्लेम नाही" असं सांगितलेलं होतं.

पण घरात शिरायच्या आधी इमारतीभोवती एक चक्कर. मी मागच्या बाजूने सुरुवात करतो. पुढची बाजू सोसायटी रंगवते, मागच्या बाजूला डक्ट असते, ड्रेनेजचे पाइप असतात आणि तिकडे कुणी बघत नाही. भिंतीवर पिंपळ उगवलाय का, पाइपच्या सांध्याखाली शेवाळाचा हिरवा पट्टा आहे का, चज्ज्यांच्या खालचं काँक्रीट सुटून सळया दिसतायत का. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. काँक्रीट आतून ढकललं जातं आणि सळईच्या रेषेत, सरळ पट्टीने आखल्यासारखी भेग पडते. बीमच्या खालच्या कडेला लांबच्या लांब किंवा कॉलमच्या कोपऱ्याला उभी अशी भेग आणि तिच्यातून तांबूस ओघळ दिसले तर ते प्लास्टरचं दुखणं नाही, सांगाड्याचं आहे. ठाणे जिल्ह्यात खाडीची रेती वर्षानुवर्षं बांधकामाला वापरली गेली. ती गोड्या पाण्याने नीट धुतली नसेल तर तिच्यातला क्षार काँक्रीटमध्येच राहतो आणि सळई खातो. तीस वर्षांपूर्वी कुणी किती धुतली हे आज कोण सांगणार? म्हणून भेगाच वाचायच्या.

सगळ्या भेगांना घाबरायचं नाही, हे पण सांगतो. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे केसासारखी आडवी रेघ बहुतेक घरांत असते, दोन वेगळ्या वस्तू उन्हात वेगवेगळ्या वाढतात-आकसतात म्हणून. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात, त्या प्लास्टरला पाणी कमी मारल्याच्या. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली, आणि नाण्याची कड आत जाते अशी भेग असेल तर मात्र इंजिनिअर आणायचा. तिथे माझ्यासारख्याने मत देऊ नये.

तळमजल्यावर दुकानं असतील तर दुकानात जायचं. काहीतरी विकत घ्यायचं आणि छताकडे बघायचं. वरच्या मजल्यावर जिथे कॉलम आहे तिथे खालीही तो दिसला पाहिजे. दुकान मोठं करायला मधली भिंत पाडली इथवर ठीक, पण कॉलमला हात लागला असेल तर त्या इमारतीत चौथ्या मजल्यावरचं कितीही सुंदर घर असो, निघायचं. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ ला पडली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. त्यानंतर मी तळमजला बघितल्याशिवाय जिना चढत नाही.

जिन्याखाली मीटर असतात. इथे मी वायरमन म्हणून जरा रेंगाळतो. मीटर बोर्ड जमिनीपासून किती उंचीवर आहे? जुन्या इमारतीत तो छातीच्या खाली असतो. तो डोक्याच्या वर नेऊन बसवलेला दिसला, आणि भिंतीवर खाली जुन्या बोर्डाच्या खिळ्यांची भोकं दिसली, तर इथे पाणी भरलेलं आहे. उगाच कुणी मीटर वर चढवत नाही. कोपऱ्यावरच्या जुन्या वाण्याला एवढंच विचारायचं, "२००५ च्या सव्वीस जुलैला पाणी कुठवर होतं?" तारीख सांगितली की माणसं हाताने दाखवतात, गुडघा, कंबर, छाती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांनी वाचलंय, पण इकडे उल्हास नदीनेही लोकांना घरातून बाहेर काढलं होतं. तिसऱ्या मजल्यावर घर घेणाऱ्याला वाटतं आपल्याला काय. पंप खालीच असतो, पाण्याची तळटाकी खालीच असते आणि गाडीही खालीच.

मग गच्ची. गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली नेमकी त्या दिवशी हरवलेली असते. किल्ली सापडेपर्यंत थांबायचं. पाऊस पडून गेला असेल तर पाणी कुठे साचलंय ते दिसतं. गच्चीवर बसवलेल्या चायना चिप्सचे, म्हणजे फुटक्या चिनी मातीच्या लाद्यांचे, तुकडे उडालेत का, कठड्याच्या पायाशी भेग आहे का, पाणी जायच्या तोंडाशी पाला अडकलाय का. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती कधी घातली आणि का घातली ते विचारायचं. बहुतेक ठिकाणी उत्तर "गळत होतं" असंच असतं आणि ते वाईट नाही. त्यांनी काहीतरी केलं. पण शेड घालायच्या आधी जितकी वर्षं गळलं तितकी वर्षं वरच्या मजल्याच्या स्लॅबने पाणी प्यायलंय, हे लक्षात ठेवायचं. पाण्याची टाकी ज्या फ्लॅटवर आहे तो फ्लॅट शक्यतो सोडायचा. हे माझं मत झालं, कुणी वेगळं म्हणेल.

आता घर.

पहिला फ्लॅट सुनेला इतका आवडला होता की ती मनात पडदे लावून मोकळी झाली होती. पांढरे शुभ्र रंग, सगळ्या खोल्यांना पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्यात छोटे गोल दिवे, खाली चकाचक दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड लाद्या. दिसायला हॉटेल. मी उंबऱ्याशीच थांबलो, कारण उंबरा नव्हताच. बाथरूमचा उंबरा पण जेमतेम बोटभर. दारं खालून कापलेली, कापलेल्या कडेला रंग नाही. म्हणजे जुन्या मोझॅकवरच मसाला टाकून नव्या लाद्या बसवल्या. उखडण्याचा खर्च आणि आवाज वाचतो म्हणून सर्रास करतात. दोन इंचांचा थर धरला तर चौरस फुटाला साधारण दहा किलो वजन वाढतं. चारशे फुटांच्या घराला चार टन. जुन्या स्लॅबला कुणी विचारलं नाही. नाण्याने लाद्या ठोकत गेलो तर खिडकीकडच्या ओळीत पोकळ आवाज. तिथे मसाला धरलेला नाही, वर्ष-दोन वर्षांत त्या उठणार.

पण माझं लक्ष होतं छताकडे. फॉल्स सीलिंग दिसलं की मला राहवत नाही, कारण मी निम्मं आयुष्य त्याच्या वरच्या अंगाला हात घालून काढलंय. तीस वर्षांच्या घरात, नऊ फुटांच्या छताखाली, गरज नसताना कुणी अर्धा फूट उंची का घालवेल? हौस असू शकते. झाकायचंही असू शकतं. मालकाची परवानगी घेतली, दिव्याचं बटण बंद केलं, एमसीबी, म्हणजे बोर्डातला त्या लाइनचा खटका, पाडला. हे दिवे दोन स्प्रिंगांवर धरलेले असतात, हलकेच खाली ओढला की हातात येतो. त्या भोकातून मोबाइल आत घालून टॉर्च चालू ठेवून व्हिडिओ काढायचा, चारी बाजूंना फिरवून. शिडी लागत नाही, खुर्ची पुरते.

व्हिडिओ आम्ही खाली रस्त्यावर येऊन बघितला. बेडरूमच्या वरच्या स्लॅबचं प्लास्टर पार गळून पडलेलं, सळया उघड्या, तपकिरी, एक सळई तर मधेच बारीक झालेली. त्या सगळ्याच्या खाली पांढरंशुभ्र पीओपी. एजंट म्हणाला, "मामा, वर कोण बघतंय?" सून घरी जाईपर्यंत काही बोलली नाही.

फॉल्स सीलिंग असलेलं प्रत्येक घर असंच निघेल असं नाही. पण दिवा काढू देत नसतील तर मी त्या घराची पुढची गोष्ट करत नाही.

दुसरा फ्लॅट एका आजी-आजोबांचा. मुलगा पुण्याला, आता दोघं त्याच्याकडे जाणार. रंग जुना, मोझॅकच्या लाद्या, लाकडी खिडक्यांना ग्रीस लावलेलं, भिंतीवर पेन्सिलने नातवंडांच्या उंचीच्या रेघा. भाच्याला बघताक्षणी नको वाटलं. मला बरं वाटलं, कारण इथे काहीच झाकलेलं नव्हतं. छत उघडं, बीमचे कोपरे शाबूत. ओळंबा सोडला, दाराच्या चौकटी सरळ. हॉल आणि गॅलरीमधली भिंत पाडलेली नव्हती. इकडे बहुतेकांनी गॅलरी हॉलमध्ये घेऊन टाकल्यात. गॅलरी ही भिंतीतून बाहेर आलेली फळी असते, तिचा भार वरच्या अंगाच्या सळयांवर असतो. तिच्यावर भिंत, लाद्या, कपाट, वर कुंड्या असं चढवत गेलं की भेग पडते ती वरून, भिंतीच्या सांध्याशी. आणि तिथेच लोकांनी नवी लादी घातलेली असते, म्हणजे दिसायची सोय नाही.

इथे आम्ही घर वापरायला घेतलं. आजोबांना आधीच सांगितलं होतं की तासभर त्रास देणार. ते म्हणाले, "द्या हो, मी रेल्वेत होतो, तपासणीशिवाय गाडी सोडत नाहीत."

सगळे नळ एकदम सोडले, स्वयंपाकघरातला, बेसिनचा, बाथरूमचा. धार किती बारीक होते ते बघितलं. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं. पाणी गुडगुडत, थांबत थांबत गेलं तर पुढे पाइप तुंबलेला असतो. इथे सरळ गेलं. संडासात दोनदा लागोपाठ फ्लश. बाथरूमच्या दाराजवळ बादलीभर पाणी ओतलं आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे बघत उभे राहिलो. निम्मं कोपऱ्यात साचून राहिलं. उतार बिघडलेला. इथे भाच्याने पहिल्यांदा वही काढली.

बाथरूमबद्दल जरा जास्त लिहितो, कारण जुन्या फ्लॅटमधली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. बाथरूम-संडासाची स्लॅब बाकी घरापेक्षा खाली असते, त्या खड्ड्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरून वर लादी. लाद्यांचे सांधे सुटले, किंवा नहाणीच्या जुन्या बिडाच्या ट्रॅपभोवती फट पडली, की पाणी त्या भरावात उतरतं आणि तिथेच राहतं. वर काहीच कळत नाही. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर, पलीकडच्या खोलीत, स्कर्टिंगपासून फूट-दोन फूट ओल चढते आणि त्या भिंतीला बहुतेक ठिकाणी कपाट लावलेलं असतं. कपाट उघडायचं, खालच्या कप्प्यात डोकं घालून वास घ्यायचा. वास रंगवता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या मजल्यावर जायचं. हे कुणी करत नाही. बेल वाजवायची, "वरचं घर बघायला आलोय, तुमच्या बाथरूमचं छत बघू का?" एवढंच म्हणायचं. आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट लोक वाटच बघत असतात. खालच्या काकूंनी आम्हाला पाणी दिलं, मग बाथरूम दाखवलं. छताला परातीएवढा काळा डाग, मधे थेंब धरलेला. त्या आणि आजोबा दोन वर्षं यावरून एकमेकांशी बोलत नाहीत. सोसायटीचं म्हणणं, घरातल्या नळ-संडासाची गळती ही ज्याची त्याने दुरुस्त करायची, सोसायटीकडे पावसाची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, ते बरोबरच आहे. म्हणजे भाच्याने घर घेतलं असतं तर किल्लीबरोबर हे भांडणही त्याच्या नावावर झालं असतं.

आजोबांना सांगितलं, नहाणीची जाळी बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी चोवीस तास कोंडून ठेवू. कबूल झाले. दुसऱ्या दिवशी खाली डाग पसरलेला. आता निदान शंका उरली नाही. बाथरूम उखडून नव्याने वॉटरप्रूफिंग करायचं, आणि तो खर्च किमतीतून वळता करायचा, असं बोलणं झालं.

वायरिंगचं सांगायचं तर, बोर्ड स्वतः उघडू नका. मेन बंद करून वायरमनकडून उघडून घ्या. उघडल्यावर काय दिसतं तेवढं सांगतो. जुन्या घरात फेजला आणि न्यूट्रलला वायर असते आणि तिसऱ्या, वरच्या मोठ्या भोकाच्या मागे काहीच नसतं. तीन पिनांचा प्लग बसतो म्हणून लोक अर्थिंग आहे असं समजतात. मी टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावतो. लख्ख पेटला तर अर्थिंग आहे, मंद पेटला तर नावापुरतं आहे. घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पडणारा खटका, असेल तर दिवा पेटायच्या आत तो पडतो, आणि त्यासारखं चांगलं लक्षण नाही. आजोबांकडे आरसीसीबी नव्हता, अर्थिंग फक्त स्वयंपाकघरात. गीझरला दीड एमएमची वायर. दोन हजार वॉटचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याला अडीचची वायर तरी पाहिजे, मी चारची घालतो.

बोर्डाच्या डबीत आणखी एक गोष्ट दिसते जिचा विजेशी संबंध नाही. स्क्रू गंजलेले, तांब्यावर हिरवट थर, म्हणजे त्या भिंतीच्या आत ओल आहे, बाहेरून रंग कितीही कोरडा असो. आणि डबीत मातीची भुसभुशीत नळी दिसली तर वाळवी. ती वायरींच्या पाइपातून मजले चढते. स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीखाली आणि दाराच्या चौकटींच्या तळाशी मग नीट ठोकून बघायचं.

वायरमन नसेल तर तुम्हाला करता येतील अशा दोन गोष्टी. एक, घरातलं सगळं बंद करून, फ्रिजचा प्लगही काढून, खाली मीटरपाशी जायचं आणि लुकलुकणारा लाल दिवा पाच-दहा मिनिटं बघायचा. सगळं बंद असूनही तो लुकलुकत राहिला तर वीज कुठेतरी गळतेय किंवा तुमच्या मीटरवर दुसऱ्याचं काहीतरी चालतंय. जिन्याचा दिवा निघाला तर हसून सोडून द्या, शेजाऱ्याचा पंप निघाला तर नाही. दोन, गीझर, इस्त्री आणि एसी एकदम चालू करून पंधरा मिनिटं ठेवायचे. दिवे मंद होतात का बघायचं, नंतर बटणांच्या प्लेटला हाताची पाठ लावायची. कोमट ठीक, गरम नाही.

संध्याकाळी पुन्हा एकदा जायचं, आणि एमआयडीसीच्या बाजूला असेल तर रात्री दहानंतर, कारण वास तेव्हा येतो. एमआयडीसीच्या फेज दोनमध्ये मे २०२४ मध्ये स्फोट झाला तेव्हा लांब लांब काचा फुटल्या होत्या. त्या भागात एकाच बाजूच्या खिडक्या नव्या दिसल्या तर कारण ते असेल, तिथे चौकटी भिंतीत घट्ट आहेत का तेवढं हलवून बघावं. पाणी कधी येतं, किती वेळ येतं हे वॉचमनला विचारावं, मालकाला नाही. पार्किंग, शेजार, मंदिराचा भोंगा हे ज्याचं त्याने बघावं.

आता आजोबांच्या फ्लॅटचं अडलंय ते ऑडिटवर, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याच्या तपासणीवर. इमारत १९९४ ची, म्हणजे तीस वर्षं ओलांडलेली. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि तीसच्या पुढे तीन वर्षांतून एकदा, असं सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये आहे. सेक्रेटरी म्हणतात ऑडिट झालंय, रिपोर्ट चेअरमनकडे आहे. चेअरमन म्हणतात सेक्रेटरीकडे आहे. मला रिपोर्टमधलं एकच पान हवंय, कॉलम आणि बीमची यादी आणि प्रत्येकापुढचा शेरा. दुरुस्ती सांगितली असेल तरी चालेल, फक्त ती केली का, आणि केली नसेल तर वर्गणी माणशी किती येणार हे कळलं पाहिजे. ती वर्गणी नव्या मालकाच्याच डोक्यावर बसते, जुना तोवर पुण्याला गेलेला असतो.

एजंट रोज फोन करतोय की दुसरी पार्टी तयार आहे, आज विसार द्या. भाचा डगमगतो, सून डगमगत नाही. तिने एजंटला सांगितलं, दुसऱ्या पार्टीला खालच्या काकूंचं बाथरूम दाखवा आणि मग घेऊन या. रविवारी सेक्रेटरी घरी असतात. रिपोर्ट हातात पडला तर विसार त्याच दिवशी, नाही तर पुढचं घर कल्याणला बघून ठेवलंय. तिकडे पण फॉल्स सीलिंग आहे म्हणे, खुर्ची मालकाकडे असेलच.